पंख्याखाली दिलेलं मत

साताऱ्याहून सकाळच्या एसटीने निघताना शेजारी म्हणाले, "पुण्यात शनिवारवाडा बघा." मी म्हणालो, मला सिमेंट बघायचंय. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत कारखानदारांनी बांधलेल्या साध्यासुध्या, नक्षी नसलेल्या इमारतींचं वेड मला निवृत्तीनंतर लागलं. घरच्यांनी त्यावर औषध शोधणं सोडून दिलंय.

हडपसरहून मांजरीकडे जाताना एका बंद कारखान्याची कामगार वसाहत लागते. फाटकावरच्या रखवालदाराने मला नखशिखान्त न्याहाळलं.

"कोणाकडून आलात?"

"स्वतःहून."

"स्वतःहून इथे कोणी येत नाही," असं म्हणून त्याने वहीत माझं नाव, गाव, नंबर घेतला आणि सहीकडेही संशयाने पाहिलं.

आत तीनमजली इमारती. जिन्यांना सिमेंटच्या जाळ्या, खिडक्यांवर ऊन अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या. मधोमध जुनं कॅन्टीन. त्याला सगळे 'पंखा' म्हणतात (छप्पर कागदी पंख्यासारखं दुमडलेलं आहे म्हणून). एवढा मोठा हॉल, पण मध्ये एकही खांब नाही. सिमेंट ओतताना लावलेल्या फळ्यांच्या रेषा छतावर अजून दिसत होत्या. मी मान वर करून उभा राहिलो, तर समोरच्या इमारतीतले तीन पडदे हलले.

इतक्यात इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ चहा आणि क्रीमरोल घेऊन आला. अनोळखी माणसाचं पुण्यात असं स्वागत होतं, तिथेच मला शंका यायला हवी होती.

"साहेब इंजिनिअर का?"

"तसा अभ्यास आहे," मी म्हणालो.

"मग ही भेग कशी वाटते?" त्याने हॉलच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

मंडईत कलिंगड वाजवून बघतात तशी मी भिंत वाजवली. "आयुष्य संपलंय हिचं. कधीही खाली येईल."

"जरा मोबाइलसमोर बोलता?"

मिशीतला चुरा झटकून मी तेच पुन्हा, आणखी जोरात बोललो. माझा चहा संपायच्या आत गृहस्थ पसार.

मग कांबळेताई आल्या. वसाहतीच्या सेक्रेटरी, निवृत्त शिक्षिका.

"झालं का मत देऊन? तो बिल्डरचा माणूस होता. उद्या सभा आहे. हॉल धोकादायक ठरला की पाडणार, आणि तिथे टॉवर. माझं लग्न या पंख्याखाली झालं, मुलीचंही."

"अहो, मला माहीत नव्हतं." मग मलाच संशय आला. "पण तुम्ही तरी खऱ्या कशावरून?"

"हे क्रीमरोलच्या आधी विचारायचं होतं. बांधकामातला अनुभव किती आपला?"

"मी भूगोल शिकवायचो."

"उत्तम. लिहून द्या."

मी लिहिलं: 'मला बांधकामातलं काहीही कळत नाही. मघाचं मत मी बढाई मारण्यासाठी दिलं.' खाली सही केली. ताईंनी स्वतःचा मोबाइल समोर धरला.

"आता वाचा. मघासारखंच, छाती काढून."

परतीच्या एसटीत शेजारच्याने शेंगदाणे पुढे केले. मी घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी ताईंचा निरोप आला: 'खरा इंजिनिअर तपासेपर्यंत पंख्याला हात लावायचा नाही असं एकमताने ठरलं. तुमचे दोन्ही व्हिडिओ सभेत दाखवले. लोकांना दुसरा जास्त पटला.'

इतकी वर्षं वर्गात बोललो, पण एवढ्या लोकांना माझं म्हणणं एकमताने पटल्याचं हे पहिलंच उदाहरण.