अव्वल नंबरची लहर

ऊम डावित स्किपर्स यांची नजर जवळजवळ गेली होती आणि हे आपल्यालाच ठाऊक आहे, अशी त्यांची समजूत होती. गावाला केव्हाच कळलं होतं. पण दक्षिण आफ्रिकेतल्या कारूच्या त्या पठारावर लोकरीच्या परीक्षकाला, त्यातून सगळे ज्यांना 'ऊम' म्हणजे काका म्हणत अशा वडीलधाऱ्याला, तोंडावर कोण सांगणार? दरवर्षीच्या लोकरीच्या प्रदर्शनात ते जवळ आले की मेंढीवाले नुसते खाकरत, म्हणजे माल कुठे मांडलाय ते त्यांना समजे. बक्षिसंही साधारण खाकरण्याच्या जोरावरच जात.

यंदा टेकडीवरच्या वेधशाळेला लोकरीशेजारचं टेबल मिळालं. तिथल्या झिंत्लेने आकाशाचे करडे फोटो टांगले होते. "रात्री वरची हवा आपली आपण मंद उजळते," ती येईल त्याला सांगे. "डोंगरावर आपटलेल्या वाऱ्याचे हेलकावे तिथवर पोचले की त्या उजेडात लहरी उमटतात." लोक मान डोलवत आणि मटणाच्या रांगेकडे सरकत. बोलून बोलून तिचा घसा बसला, आणि ऐन परीक्षणाच्या वेळी ती खाकरली.

ऊम वळले. फोटोजवळ नाक नेऊन उभे राहिले. "तंतूची लहर बघा. काय बारीक, काय सारखी. दुष्काळात असली लोकर? मेंढरू कुणाचं?"

परीक्षकाच्या पांढऱ्या डगल्यावर कधीचा डोळा ठेवून असलेला मेंढीवाला कोएनी बेस्टर म्हणाला, "आमच्यापैकी कुणाचं नाही, ऊम." खोटं काहीच नव्हतं त्यात.

ऊमनी अव्वल नंबरची निळी फीत टाचायला हात लावला. बोटांना गुळगुळीत कागद लागला. लोकरीचा तेलकटपणा नाही, वास नाही. मागे कुणी हसलं नाही, त्यावरून त्यांना उमगलं की सगळ्यांना माहीत आहे, आणि ते खाकरणंही माहीत असूनच होतं. त्याची त्यांना जास्त लाज वाटली.

"पोरी, काय आहे हे?"

"आकाश, ऊम."

"कुठं चरतं?"

"नव्वद किलोमीटर वर."

"तरीच. खाली चारा आहे कुठे." त्यांनी फीत तिथेच टाचली. मग डगला उतरवून कोएनीच्या हातात दिला. "घे. मला आता आकाश आणि मेंढी सारखीच. तुझे डोळे धड आहेत, त्यांनी बघ."

ते दारापाशी पोचतात तोच मागे लोकरीच्या सगळ्या टेबलांवर खाकरणं सुरू झालं. सगळ्यात मोठ्या आवाजाच्या दिशेने कोएनीचे बूट वळलेले त्यांना स्वच्छ ऐकू आले.