सगळं अप्पांच्या घरातून जातं

अप्पांना कोणालाही थेट काही सांगताच येत नसे. काकू त्यांच्यापासून दोन हातांवर, गुळाच्या ढेपेमागं बसलेल्या असायच्या. मी पोहे घ्यायला दुकानात गेलो की अप्पा माझ्याकडं बघून म्हणायचे, "इंजिनेर, तुझ्या काकूला म्हणावं, चहा टाक." मी मान उजवीकडं वळवून म्हणायचो, "काकू, चहा टाका म्हणतात." काकूंनी ते माझ्याआधीच ऐकलेलं असायचं, तरी त्या मलाच सांगायच्या, "त्यांना म्हणावं, दूध नासलंय." मग मान डावीकडं. पोहे घेऊन निघेपर्यंत मान अवघडायची. जुनी जोडपी एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण अप्पांचं प्रकरण त्याच्या पुढचं होतं. कपिलधारच्या यात्रेला निघालेल्या माणसाबरोबर ते देवाला नमस्कार पाठवायचे आणि तो माणूस परतला की विचारायचे, "पोचला का?"

कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, हातात कायम एक फडकं आणि समोर किराणा मालाची पोती. पाटोद्याहून डोंगराकडं वळल्यावर जी चार-पाच गावं लागतात, त्यांचे सगळे निरोप या दुकानातून जात. "निरोप पोटात ठिवला की मला ढेकर येत न्हाई," असं अप्पा म्हणायचे. अडचण एवढीच होती की निरोप जसा यायचा तसा पुढं जायचा नाही. अप्पा त्याला मीठमसाला लावायचे. टेकडीपलीकडं आमची शेतवस्ती आहे. एकदा मी मायला निरोप धाडला, "जेवायला उशीर होईल." संध्याकाळी घरी पोचलो तर माय पदर तोंडाला लावून बसलेली. तिला कळलं होतं की माझी नोकरी गेली आहे आणि त्या दुःखात मी अन्न सोडलं आहे. दुसऱ्या दिवशी अप्पांना जाब विचारला, तर ते म्हणाले, "आरं, नुसतं 'उशीर हुईल' म्हणलं तर माणसाला काळजी लागंल का न्हाई? कारण नको का सांगाया?"

अप्पांच्या दुकानाला लागून त्यांच्या धाकट्या भावाची, बापूंची, पिठाची गिरणी. दोघांमध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंनी बोलणं बंद झालेलं. वाटणीनंतर बापूंनी माडी चढवली आणि माडीच्या पत्र्यावरचं पाणी अप्पांच्या अंगणात पडायला लागलं. पाण्याची व्यवस्था त्याच पावसाळ्यात झाली. अबोला मात्र राहिला. पण अबोला म्हणजे बोलत नव्हते असं नाही. दुकानात तेल घ्यायला आलेली बाई पुढं दळण घेऊन गिरणीत जायची. अप्पा तिला म्हणायचे, "त्याला म्हणावं, खोकला लई ऐकू यायलाय, काढा घे." दळण होईपर्यंत उत्तर यायचं, "त्याला म्हणावं, कान झाकून झोप."

असा हा कारभार नीट चालला असताना मी त्यात माझं शिक्षण घेऊन उतरलो.

मायच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी पुण्याहून वस्तीवर आलो. घरात आम्ही दोघंच. पुण्यातले साहेब म्हणाले, घरून काम कर, पण नेट पाहिजे. वस्तीवर मोबाईलला रेंज यायची ती फक्त बाभळीच्या फांदीवर. मी पहिले आठ दिवस फांदीवरून मीटिंगा केल्या. साहेबांनी शेवटी विचारलं, "मागं शेळी का दिसते?" ती मागं नव्हती, खाली होती. कॅमेरा वाकडा होता. साहेबांनी महिनाअखेरची मुदत दिली. तोवर नेट आलं नाही, तर पुण्यात येऊन बसायचं, नाहीतर दुसरी नोकरी बघायची. मायला चुलीपर्यंत जाताही येत नव्हतं. तिला एकटीला सोडून जाणं मला शक्य नव्हतं, आणि नोकरी सोडणं तिच्या औषधांना परवडणारं नव्हतं.

मग मी ठरवलं, गावातून वस्तीपर्यंत वायरलेस जाळं उभं करायचं. कॉलेजात माझा प्रकल्पच या विषयावर होता. त्यात मला चांगले मार्क पडले होते, आणि मार्क पडलेल्या माणसाइतका धोकादायक माणूस गावात दुसरा नसतो. ग्रामपंचायतीपर्यंत केबल आलेली होती. तिथून पुढं पत्र्यापत्र्यावर एकेक डबा. एका डब्यानं दुसऱ्याला द्यायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, करत करत टेकडीपलीकडं. मी अप्पांच्या दुकानात साखरेच्या पोत्यावर बसून चहा पीत नकाशा काढला. पंचायत, अप्पांचं दुकान, बापूंची माडी, आमच्या विहिरीवरचा खांब, वस्ती. भोवती आणखी सात-आठ घरं आणि त्यांना जोडणाऱ्या सुंदर रेघा. नकाशात टेकडी काढायची तेवढी राहून गेली. ती मध्ये आल्यामुळं वस्तीकडं बघणारं एकच छप्पर निघालं, बापूंच्या माडीचं.

"हे डबे आपसांत ठरवतात, अप्पा," मी पोत्यावरून भाषण ठोकलं. "कोणता माल कोणत्या रस्त्यानं न्यायचा, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. एक रस्ता बंद झाला तर दुसरा शोधतात."

अप्पांनी फडक्यानं तराजू पुसला. "आन् डब्याडब्यांत भांडण लागलं तर?"

मी हसलो. चांगला खदखदून हसलो. आता ते हसू आठवलं की कानशिलं गरम होतात.

डबे लागले, हिरवे दिवे लागले आणि वस्तीवर नेट आलं. मी बाभळीवरून उतरलो. अप्पांच्या अभिमानाला तर पारावार राहिला नाही. डब्याला ते रोज विभूती लावायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, "सगळं मपल्या घरातून जातंय." एवढ्यावर मी गप्प बसलो असतो तर हा लेख इथंच संपला असता. पण दळणाच्या रांगेत मला ज्ञान वाटायची हुक्की आली. गिरणी घरघरत होती, म्हणून मी ओरडून सांगितलं, "बापू, तुमच्या मोबाईलवर जे येतं ना, ते आधी अप्पांच्या घरात जातं, मग तुमच्याकडं येतं! त्यांचा डबा बंद, की तुमचं बंद!"

बापूंनी गिरणी थांबवली. पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर गेल्या. "असं व्हय?" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून भर दुपारी नेट जायला लागलं. मी आधी उन्हाला दोष दिला आणि डब्यावर ओलं पोतं टाकलं. मग वानरांवर संशय घेतला. साहेबांना तसं लेखी कळवलंसुद्धा. दोन दुपारी हातात काठी घेऊन मी बापूंच्या माडीवर पहारा दिला. खालून रांगेतल्या बाया म्हणायच्या, "इंजिनेर, ज्वारी राखायलास का?" तिसऱ्या दुपारी एक वानर आलं, माझ्याकडं बघितलं आणि निघून गेलं. त्यानंतर बापू जिन्यावरून आले, माझ्यादेखत डब्याची पिन काढली आणि म्हणाले, "मपलं सगळं त्याच्या घरातून येणार, तो समदं बघणार, आन् मी वापरू? नको असलं नेट."

मी धावत खाली दुकानात आलो. पण दळणाची बाई माझ्याआधी पोचली होती. अप्पांनी आपला डबा भिंतीवरून उतरवून पिशवीत घातला होता.

"अप्पा, तुम्ही का काढला?"

"त्यानं काढला तर मी कावून ठिवू?"

"अहो, तुमच्या डब्यातून काय जातं ते तुम्हाला दिसतच नाही. सगळं कुलूपबंद असतं. नुसतं घ्यायचं आणि पुढं द्यायचं. त्यांना तेवढं सांगा, म्हणजे मिटलं."

अप्पा माझ्याकडं बघतच राहिले. मी त्यांचा अपमान केला आहे हे मला सगळ्यात शेवटी कळलं. "उघडून बघायचं न्हाई, आपलं कायी घालायचं न्हाई, नुसतं पुढं द्यायचं? मग मी काय हमाल हाय का बे?" आणि पिशवी माझ्या हातात देऊन ते काकूंना नव्हे, गिऱ्हाइकाला म्हणाले, "हिला म्हणावं, इंजिनेराला चहा देऊ नको."

त्याच वेळी साहेबांचा फोन. दुकानापाशी रेंज होती, हे दुर्दैव. सोमवारी पुण्यात हजर. वस्तीवर जाऊन मायला सांगितलं, तर ती पाय चोळत म्हणाली, "जा बाबा. मी सरकत सरकत करीन. तुझ्या डब्यापरीस मपला गुडघा बरा, निदान पुढं तरी जातो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेवटचा प्रयत्न म्हणून बापूंना माडीवर नेलं. एका हातात अप्पांच्या डब्याची पिशवी तशीच. बापूंना काय सांगायचं ते ठरलं नव्हतं, म्हणून उगाच त्यांच्या डब्याची पिन परत लावली. "हा बघा, बापू, इथं हिरवा दिवा लागतो," म्हणालो. दिवा लागला. आणि माझ्या खिशातला मोबाईल थरथरायला लागला. साहेबांचे अडकून पडलेले सगळे निरोप एकामागून एक यायला लागले. मोबाईल डब्याच्याच नेटवर होता. त्याच नेटवरून वस्तीवर मायला फोन लावून बघितला, तर तिकडंही दिवा हिरवा.

मी पिशवीकडं बघितलं. अप्पांचा डबा पिशवीत होता.

माडी उंच होती. अप्पांच्या पत्र्याच्या वरून तिला पंचायत सरळ दिसत होती. मी सगळी मोजणी खाली पोत्यावर बसून, चहा पीत केली होती. माडीवर दोन दुपारी पहारा देऊनही समोर बघायचं मला सुचलंच नव्हतं. डब्यांना मात्र पहिल्याच दिवशी कळलं असणार. त्यांनी अप्पांना वगळून सरळ रस्ता धरला होता. बापूंचं कधी काही अप्पांच्या घरातून आलंच नव्हतं, वस्तीचं काही गेलं नव्हतं. अप्पांच्या डब्याचा हिरवा दिवा नुसता जळत होता.

आनंदानं मी ते बापूंना सांगून टाकलं. वाटलं, आता भांडणच उरलं नाही.

बापूंनी हातावरचं पीठ झटकलं. मग म्हणाले, "म्हंजे त्याच्याकडून मपल्याकडं कायीच येत न्हाई?"

"काहीच नाही."

"कायीच?"

मी मान हलवली. त्यांचा चेहरा पडल्यासारखा वाटला, पण पिठामुळं नीट कळलं नाही. त्यांनी पिनेला हात लावला नाही. जिना उतरताना म्हणाले, "त्याला म्हणावं..." आणि थांबले. "न्हाई, कायी म्हणू नको. डबा दे त्याला परत. त्याला वाटू दे."

मी डबा अप्पांच्या भिंतीवर पुन्हा लावला. "बापू म्हणतात, तुमच्याशिवाय चालत नाही," असा निरोप सांगितला. आयुष्यात पहिल्यांदाच मी निरोपाला मीठ लावलं होतं. अप्पांनी माझ्याकडं निरखून बघितलं. या कामातला जाणकार माणूस; मला वाटलं, पकडला गेलो. पण ते म्हणाले, "हिला म्हणावं, चहा टाक." नोकरी वाचली. माय हळूहळू चुलीपर्यंत चालायला लागली.

पुढं अप्पांचे डोळे अधू झाले. लातूरहून मुलगा त्यांना आणि काकूंना न्यायला आला. जीपमध्ये बसताना अप्पा मला जवळ बोलावून म्हणाले, "इंजिनेर, मी गेल्यावर वस्तीचं नेट बंद पडंल की रं. सगळं मपल्या घरातून जातंय." बापू शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "अप्पा, डबा चालू ठेवायचा, बाकी काही नाही." अप्पांनी दुकानाची किल्ली माझ्या हातात दिली. "त्याला म्हणावं, दिवा इझू देऊ नको." मी मान वळवली, तसंच सांगितलं आणि किल्ली बापूंच्या हातात ठेवली.

बंद दुकानात त्या डब्याचा दिवा अजून जळतो. लाइटबिल बापू भरतात. अप्पा अधूनमधून मला फोन करतात, मी मोबाईल गिरणीतल्या पोत्यावर ठेवून स्पीकर लावतो आणि बापू गिरणी थांबवतात. दोघांना एकमेकांचं स्वच्छ ऐकू येतं, तरी मला मध्ये बोलावं लागतं.

"त्याला म्हणावं, डबा वल्ल्या फडक्यानं पुसू नको."

"त्याला म्हणावं, मला कळतं. तिकडं भाकर बरी मिळती का, इचार."

पलीकडून उत्तर येतं. "त्याला म्हणावं, पीठ तसलं न्हाई इकडं."

मागच्या आठवड्यात मी लातूरच्या एसटीत ज्वारीच्या पिठाची पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. पिशवीचं तोंड बापूंनी सुतळीनं शिवलं होतं आणि बजावलं होतं, "मधी उघडायचं न्हाई. नुसतं पोचवायचं." हमालाचं म्हणाल तर तक्रार नाही, इतकं शिकून नेमकं जमणारं काम मला पहिल्यांदाच मिळालं होतं. अप्पांनी पिशवी हातानं चाचपली, सुतळी सोडली आणि मूठभर पीठ नाकाशी धरलं. काकू दोन हातांवर बसल्या होत्या.

"इंजिनेर," अप्पा म्हणाले, आणि जरा खाकरले, "तुझ्या काकूला म्हणावं, भाकरी टाक."

मी मान उजवीकडं वळवली.