खिळ्यावरचा गजरा

आज दाराबाहेरच्या खिळ्यावर एकच गजरा लटकत होता, माझा. सभेला आलं की चपला काढायच्या आणि केसांतला गजरा त्या खिळ्याला अडकवून मगच आत जायचं, ही आमच्या मंडळाची रीत. ब्लड कॅन्सरच्या पेशंटची प्रतिकारशक्ती औषधांनी पार खाली गेलेली असते. डॉक्टर ताजी फुलंही जवळ नको म्हणतात.

तो खिळा विमलताईंनी ठोकला. त्यांचे यजमान याच आजारात गेले, आणि त्यांनी आपल्या बाहेरच्या खोलीत आम्हा पेशंटना गोळा करून मंडळ सुरू केलं. एरवी घरातही गजऱ्याशिवाय न राहणारी बाई, पण आमच्यात यायचं म्हटलं की गजरा खिळ्यावर. केस गेलेली, साऱ्या जगावर चिडलेली मी एकदा म्हणाले, "मग विकत तरी कशाला घेता?"

"तू बरी हो, तुलाच घालते," ताई म्हणाल्या.

आणि खरंच घातला. माझ्या बोटभर केसांत तो ठरेना, तर स्वतःच्या अंबाड्यातल्या पिना काढून खोचल्या. मोगऱ्याचा तसा वास पुन्हा काही आला नाही.

ताई आता नाहीत. त्यांच्या खुर्चीवर मी बसते. शोभत नाही, पण बसते.

सभा संपल्यावर मी गजरा काढायला गेले, तर डोक्याला स्कार्फ बांधलेली नवी मुलगी आतूनच फणकारली, "दर वेळी बाहेरच टांगायचा, तर आणता कशाला?"

मी पर्समध्ये हात घालून चाचपलं. पिना होत्या.