घुबडाशी बोलू नका

मंडळी, एक सल्ला हवाय.

महिन्यापूर्वी पंख मोडलेलं एक घुबड आम्ही सौदीतल्या हुफूफच्या घरी आणलं. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "त्याच्याशी बोलू नका. माणसाळलं तर बाहेर जगणार नाही." पण रोज पिंजऱ्यात ठेवताना मी म्हणायचेच, "चल बाळा, घरी."

पंख बरा झाला, म्हणून आज संध्याकाळी खजुराच्या बागेत त्याला सोडलं. ते झाडांत दिसेनासं झालं. सगळं चिडीचूप. गाडीचं दार उघडत मी लेकीला म्हटलं, "चल बाळा, घरी."

पंखांचा जराही आवाज नाही. वळले, तर ते गाडीच्या टपावर बसून माझ्याकडे एकटक बघत होतं.

लेक कुजबुजली, "मम्मा, प्लीज डोन्ट टॉक."

सांगा, माणसांना घाबरायला त्याला आता कसं शिकवू?