लॉनच्या मधोमध सफरचंद

घरापुढच्या मोकळ्या जागेवरून आमच्याकडे जे भांडण झालं, त्यात मी गवताच्या बाजूनं होते. हे आधीच सांगून टाकते, कारण आता नातवंडं मला सफरचंदवाली आजी म्हणून चिडवतात आणि मी ते गुपचूप ऐकून घेते.

जागा म्हणजे किती, तर चार बैल शेजारीशेजारी बांधले की संपली. साताऱ्यात मुलानं घर बांधलं तेव्हा फाटक आणि पायरी यांच्यामध्ये ती उरली. आधी तिथं वाळूचा ढीग होता, मग मोटारसायकल, मग नुसती धूळ. गेल्या फाल्गुनात आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला आणि त्या धुळीकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. हे म्हणजे माझे यजमान, फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेले.

दवाखान्यातून परतले तेव्हा उजवा पाय ओढत होते, उजव्या हाताची बोटंही नीट वळत नव्हती. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रोज मऊ जमिनीवर अनवाणी चाला, नाहीतर पाय आखडेल आणि मग माणूस खुर्चीचाच होऊन बसेल. पहिले काही दिवस हे चालले. मग एकदा गुळगुळीत फरशीवर तोल गेला, दाराची चौकट हाताला लागली म्हणून वाचले, आणि त्यानंतर पायरीवरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत जे बसले ते बसलेच. उठा म्हटलं की म्हणायचे, "उद्या." ज्या माणसानं जन्मभर पहाटे सगळ्या घराला उठवलं, त्याच्या तोंडी उद्या. मला त्या शब्दाची भीती वाटायला लागली.

सून सांगलीची, फ्लॅटमध्ये वाढलेली, पण डोक्यानं तरतरीत. ती म्हणाली, "आई, समोर लॉन करू या. बाबा अनवाणी चालतील, आणि पडले तरी लागणार नाही."

मला पटलं. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, "सफरचंद लावा."

"काय?" मी विचारलं.

"सफरचंदाचं झाड. आता आपल्या हवेत येणारी जात निघालीया. मोबाइलवर दावत्यात. कडेगावकडं लावल्यात लोकांनी."

"आवं, पाय चालंना आणि सफरचंद कशाला?"

"तोंड चालतंय की."

पदर नसल्यामुळे सून तोंडाला ओढणी लावून हसली. मी हसले नाही. सफरचंद या विषयावर दुसऱ्याला हसायचा अधिकार मी फार लहान वयात घालवलेला आहे.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. हे डोंगराकडच्या छावणीतून पहिल्या सुट्टीवर आले ते लोखंडी पेटीत, पायमोज्यांत गुंडाळून, सफरचंदं घेऊन. त्या आधी मी सफरचंद फक्त कॅलेंडरावर पाहिलं होतं. पायमोज्याचा वास येत होता, पण मी ते डोळे मिटून खाल्लं, आणि बिया पदराच्या गाठीला बांधल्या. हे परत गेल्यावर त्या विहिरीजवळच्या बांधाला पुरल्या, रोज कळशीभर पाणी घातलं आणि धुणं धुवायला येणाऱ्या बायकांना सांगून ठेवलं की फळं आली की वाटणार आहे. कोंब वर आला. मी तर तरंगतच होते. पुढं त्याला काटे आले. आता मी शेतकऱ्याची पोर, शेळ्यांमागं हिंडलेली. बोराचं रोप मला अंधारात हात लावून ओळखू येत असे. पण नवऱ्यावर जीव जडला की बाईची नजर जाते, निदान माझी गेली होती.

सासूबाई रोपापाशी वाकून म्हणाल्या, "काय गं पोरी, सफरचंदाला काटं कवापासनं आलं?"

"थंडीतलं झाड हाय, आत्ती. आपल्या उन्हात येत असतील काटं."

हे मी म्हणाले. तोंड वर करून म्हणाले. त्या बोराला गावात अजून सफरचंदच म्हणतात, आणि त्याची बोरं चांगली आंबट आहेत.

म्हणून ह्या वयात सफरचंदाचं नाव निघताच मी गवताच्या बाजूनं खमकी उभी राहिले. मुलानंही गवतालाच कौल दिला.

आषाढात लॉन आलं, चटईसारखं गुंडाळून, टेम्पोतून. माणसांनी ते अंथरलं, पाणी मारलं, आणि आमच्या फाटकाच्या आत एकदम कुणा बड्या माणसाचं घर आल्यासारखं झालं. मी कौतुकानं खाली बसून हात फिरवला. बोटांना कांडी लागली, कांडीला मुळं, मुळांपुढं आणखी कांडी.

"ही तर हरळी," मी म्हणाले.

"अहो आई, बर्म्युडा आहे हे."

"असंल. पर माझ्या वळखीची हाय."

मूल कडेवर असताना मी उसाच्या सरीतून हीच हरळी खुरप्यानं उकरलेली आहे. एक कांडी मागं राहिली तर पंधरवड्यात पुन्हा हातभर. तिला शिव्या दिल्या नाहीत असा माझा एक दिवस गेला नसेल, आणि आता ती दारात हौसेनं मांडलेली. सकाळी चहाचा कप घेऊन कडेला बसले की माझा डावा हात आपोआप एखादा धागा उपटायचा. सुनेनं दोनदा पकडलं. तिसऱ्यांदा ती नुसती माझ्या हाताकडे बघत उभी राहिली, तेव्हा मी तो पदराखाली घेतला.

पण खरी पंचाईत ह्यांची झाली. बऱ्याच विनवण्यांनी ते खुर्चीतून उठले, पायरी उतरले, आणि गवताच्या कडेनं जी वीतभर फरशी सोडली होती तिच्यावरून भिंतीला हात लावत चालू लागले. गवतावर पाय नाही. फरशी अरुंद, ओली.

"आवं, एवढी गादी हातरलीया तुमच्यासाठी. तिच्यावर चला की."

"गवतावर पाय टाकत्यात व्हय?" ते म्हणाले, जणू मी देवळात चपला घालायला सांगितलं होतं.

मग कळलं. छावणीत साहेबांच्या बंगल्यापुढं असंच गवत असायचं आणि त्यात पाटी, घास पर चलना मना है. जवानांनी ते कापायचं, पाणी मारायचं, कडेच्या विटांना चुना लावायचा. काम नसताना पाऊल पडलं तर पाठीवर वजन घेऊन मैदानाला फेऱ्या. ह्यांनी त्या मारलेल्या होत्या.

"आता फाटकाच्या आत तुमीच साहेब न्हवं का?" मी विचारलं.

"डोस्कं सुभेदाराचं हाय गं. पाय नव्या रंगरूटाचाच ऱ्हायला."

आणि जाऊन खुर्चीत बसले. एवढं लॉन करून त्यावर चालायला आमच्याकडे फक्त शेजारची मांजर होती.

मग एका दुपारी मी मेथी निवडत त्यांच्या पायाशी बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तुमचं ते सफरचंद लावलं, तर फळ कवा?"

"तिसऱ्या साली."

सहज म्हणाले, परवा म्हणावं तसं. माझे हात थांबले. पायरी उतरायला उद्या म्हणणारा हा माणूस मनात तीन सालं पुढं जाऊन फळं तोडत होता, आणि त्याच्या जवळ बसून मी त्याच्यासाठी पडल्यावर लागणार नाही एवढीच जागा मागत होते. सुनेचं चुकलं नव्हतं, माझंही नव्हतं. गवत अंथरलं की त्याच दिवशी हिरवं दिसतं, त्याची वाट बघावी लागत नाही. मला वाट बघायचीच नव्हती, कारण बघायला कोण असेल हा प्रश्न मला विचारायचा नव्हता. बोराला पाणी घालणारी ती येडी पोर ह्या बाबतीत माझ्यापेक्षा शहाणी होती असं म्हणायची वेळ आली, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

रविवारी मुलाला घेऊन रोपवाटिकेत गेले. पिशवीतलं झाड म्हणजे एक काठी आणि तिला चार पानं. घरी येऊन मुलगा म्हणाला, "पायरीजवळच्या कोपऱ्यात लावू, आई. बाबांना बसल्या जागी दिसेल."

"न्हाई. मधी."

"लॉनच्या मधी? अगं, सावलीनं गवत जाईल सगळं. हिला काय सांगू?"

"तिला मी सांगते."

तिला मी खरं कारण सांगितलं. कोपऱ्यात लावलं तर हे खुर्चीतूनच पाइप धरतील. ती म्हणाली, "खड्डा मात्र तुम्हीच काढा, आई. तुमच्या हातांना बरं वाटेल." सुनेला माझी चेष्टा करायची परवानगी मी त्या दिवसापासून दिली. खड्डा काढताना हरळीचा गोल तुकडा मी इतक्या आनंदानं उचकटला, की हे खुर्चीतून म्हणाले, "हळू, शत्रू मेला."

दुसऱ्या दिवशी मी पाइप मुद्दाम दडवला आणि पायरीवर नुसता तांब्या भरून ठेवला. खिडकीच्या आत कणीक मळत उभी राहिले. बऱ्याच वेळानं हे उठले. गवताच्या काठाशी चपला काढल्या. डाव्या हातात तांब्या. चालायची काठी उजव्या हातात, बोटं नीट वळत नसतानाही. एक पाऊल टाकून थांबले, इकडंतिकडं बघितलं. निम्मं पाणी वाटेत सांडलं.

"कुठं निघाला?" मी आतून विचारलं.

"कामावर हाय मी," ते न वळता म्हणाले.

त्यानंतर रोजचं काम झालं. दिवाळीच्या सुमाराला एकदा पडले, गवतावरच, आणि पडल्या पडल्या खोडाला कीड बघून घेतली. पौषात रोपवाल्यानं झाडाची पानं हातानं काढायला सांगितली, कारण पानं गळल्याशिवाय त्याला फूल येत नाही आणि आपली थंडी ती गाळण्याइतकी कडक नसते. बोटांच्या व्यायामासाठी डॉक्टरीणबाईंनी दिलेला रबरी चेंडू ह्यांनी कधी दाबला नाही, पण ती पानं उजव्या हातानं, एकेक करून, आठवडाभर काढली. लॉनमध्ये पायरीपासून झाडापर्यंत एक पांढुरकी पाऊलवाट पडली. सुनेनं तिथं नवीन तुकडा लावायचं नाव काढलं नाही.

माघात फुलं आली. थोडीच, पांढरी, कडेला गुलाबी. मी सगळ्या आळीला बोलावून दाखवली; माणूस सुधारत नाही. आणि दुसऱ्या दिवशी बघते तर हे एकेक फूल खुडतायत.

"आवं, डोस्कं फिरलं का?"

"पहिली फुलं ठेवायची नसत्यात. झाड लहान हाय. फळात जीव गेला तर वाढायचं न्हाई."

"एक तरी ठेवा."

"न्हाई. हे पलीकडचं माझ्या हाताला येईना. तू काढ."

हरळी उपटताना माझा हात कधी अडला नव्हता. त्या फुलापाशी अडला. मग काढलं.

"तिसऱ्या साली बघू," मी म्हणाले.

"बघू न्हवं. खाऊ," ते म्हणाले, आणि चहा टाकायला सांगून पुढं चालू लागले. माझे गुडघे धरले होते, म्हणून मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मागोमाग गेले.