मुखेडच्या बाई काय म्हणाल्या

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिला वाटतं, माझ्या पोटात काही राहत नाही. राहतं. चांगलं वर्षानुवर्षं राहिलंय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं. सोपं? बघू.

गाण्याबजावण्यापासून सुरुवात करतो. ते निदान चांगलं होतं.

नांदेडचा नईम आणि लातूरचा विवेक, हे माझे कॉलेजपासूनचे मित्र. नईमचा मंडपाचा आणि साउंडचा धंदा. विवेक लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. मी नांदेडला ज्युनिअर कॉलेजात मराठी. हे दोघे मिळून कॉम्प्युटरवर संगीत करायचे. नाव ठेवलं होतं 'गोदा-मांजरा' — एक नदी याच्या गावची, एक त्याच्या. जनरेटरची घरघर, पत्र्यावर पडलेला पाना, एसटी स्टँडवरचा भोंगा, असलं काहीबाही घेऊन ते असं जड, अंधारं काहीतरी बनवायचे की ऐकताना छाती धडधडावी. मग इंटरनेटवर टाकायचे. ऐकणारे फार नव्हते, पण होते ते जीव लावून ऐकत. गाण्यांची नावं मी ठेवायचो. अल्बमचंही नाव मीच. कुठलं गाणं आधी, कुठलं नंतर, तेही मला विचारून. दोघांच्या जोडीतला मी तिसरा होतो. जोडीत तिसरा असतो का कधी? पण मला तसं वाटायचं, आणि त्यांनीही कधी वाटू दिलं नाही की मी नाही.

आमचा एक नियम होता. पहिल्या अल्बमखाली कुणीतरी एक वाईट ओळ लिहिली आणि नईमने कित्येक महिने मशिनीला हात लावला नाही. तेव्हा ठरलं — लोकांचे अभिप्राय त्या दोघांनी वाचायचेच नाहीत. मी वाचायचे. मग एखाद्या रविवारी विवेक लातूरहून यायचा, नईमच्या गोदामात सतरंज्यांच्या ढिगावर आम्ही तिघं बसायचो आणि मी तोंडी सांगायचो, कोण काय म्हणालं. विवेक त्याला 'निकाल' म्हणायचा. लातूरच्या माणसाला दुसरा शब्द सुचणार कुठून? ओळखीच्यांचं मत त्यात धरायचं नाही, हे नईमचं. "वळखीचे लोकं तोंडावर चांगलंच बोलतेत," तो म्हणायचा. "ज्यानं आपल्याला पाह्यलं न्हाई, तो काय म्हनला ते सांग."

अशा न पाहिलेल्यांत एक होत्या मुखेडच्या बाई. नाव त्यांनी कधी लिहिलं नाही, नुसतं 'मुखेड' एवढंच. लिहिण्यावरून निवृत्त शिक्षिका असाव्यात. चुकलेलं चुकलं म्हणायच्या. एका गाण्याला त्यांनी 'उगाच लांबवलंय' असं लिहिलं, तर विवेकने पुढच्या अल्बममध्ये खरोखर हात आखडता घेतला. निकालाच्या शेवटी दोघंही एकदमच विचारायचे — बाई काय म्हणल्या?

मग शेवटचा अल्बम आला. तेव्हा तो शेवटचा नव्हता, हे लक्षात ठेवा.

डिस्को. हो, अगदी तोच, एकसारखा ठोका, टाळ्या, खालून पळणारा बेस. नईमचे अब्बा तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, आणि डिस्कोचे दिवस आले तेव्हा नांदेड ते देगलूर सगळी लग्नं त्यांनी त्या ठोक्यावर नाचवली होती. नईमने पेटीतला ट्रम्पेट काढून त्यांच्या हातात दिला. म्हाताऱ्याचा दम पुरेना. विवेकने तुकडे तुकडे रेकॉर्ड करून जोडले. हे सगळं त्यांनी लातूरला विवेकच्या खोलीत केलं, आणि मला — मला कळलं तेव्हा सगळं झालेलं होतं. नावंसुद्धा ठेवून झाली होती.

"तुला एकदम ऐकवायचं होतं बे," नईम म्हणाला. किती आनंदात होता तो! आणि मी? मी गोदामात बसून ऐकलं आणि माझा पाय हलायला लागला. आपोआप. मी तो दुसऱ्या पायाने दाबून धरला. मला आवडलं होतं, फार आवडलं होतं. आणि म्हणूनच अंगाचा तिळपापड होत होता — की इतकं चांगलं झालं, आणि माझ्याशिवाय झालं.

लोकांची मतं दोन्हीकडची आली. जुन्या मंडळींपैकी काही चिडले. उदगीरच्या एकाने लिहिलं, 'आमचं गोदा-मांजरा कुठं गेलं? ही तर वरात आहे.' पुण्याच्या कुणीतरी शहाण्याने विचारलं, पुढचा अल्बम बारशाचा का? पण दुसऱ्या बाजूचे जास्त होते. रात्रपाळी करून आलेली एक नर्स हे लावून घर झाडत होती. किनवटचा एकजण म्हणाला, आधीचं ऐकून घाबरायचो, हे ऐकून आईला फोन केला. दोन जण तर आपापसातच भांडले, की डिस्को म्हणजे उतार का चढ. असं भांडण कुणी फालतू गाण्यावर करतं का?

निकालाचा दिवस आला. विवेक सकाळच्या गाडीने आला होता, येताना देवणीहून कुणीतरी पाठवलेला खवा घेऊन. नईमने दार लोटून घेतलं. मी सांगायला लागलो — आणि फक्त उदगीर सांगितलं. फक्त पुणे सांगितलं. तसलेच आणखी चार. नर्स गाळली. किनवट गाळलं.

बरीच वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की मी खोटं बोललो नाही. जे सांगितलं ते कुणी ना कुणी लिहिलेलंच होतं. मी फक्त निवडलं. तांदूळ निवडावेत तसं — फक्त खडे ताटात ठेवले आणि तांदूळ फेकले. एवढ्यावरच थांबलो असतो तरी नीचपणा व्हायचा तो झालाच होता. पण मी थांबलो का?

नईम सतरंजीचा दोरा उसवत बसला होता. विवेक म्हणाला, "जाऊ दे बा, एखादा अल्बम आपटतो. पुढचा करू." पुढचा करू — असं सहज म्हणाला तो. तेवढ्यात नईमने मान वर केली आणि नेहमीचं विचारलं.

बाई काय म्हणल्या?

मला वेळ होता. ही गोष्ट मी कुणापासून लपवू? श्वास घेण्याइतका, विचार करण्याइतका वेळ होता. बाईंचं लिहिणं मला तोंडपाठ होतं, आजही आहे. आणि मी म्हणालो, "बाई म्हणाल्या — पोरांनो, आता पुरे करा."

हे वाक्य माझं. बाईंनी ते लिहिलेलं नव्हतं, कुणीच लिहिलेलं नव्हतं. मी मराठीचा मास्तर, मला बाईंची भाषा बरोबर जमली.

मग नईमने हळूच विचारलं, "अब्बा रोज विचारतेत, लोगां क्या बोले. काय सांगू?" आणि मी — मी समजूतदार चेहरा करून म्हणालो, नको सांगूस काही. त्याने नाही सांगितलं. अब्बांनीही मग विचारणं सोडलं. ट्रम्पेट परत पेटीत गेला. पुढच्या उन्हाळ्यात अब्बा गेले. लोक काय म्हणाले ते न कळता गेले.

नईमने मशिनी विकल्या. विवेकला त्याने सांगितलं, डिस्कोचं खूळ माझं होतं, तुला मी बुडवलं. विवेकने समजावलं, पण मग फोन कमी होत गेले. आता ईदला आणि दिवाळीला. माझ्याशी मात्र नईमचं अजून तसंच आहे. भेटला की चहा पाजतो. एकदा म्हणाला, "तू तरी खरं सांगितलास. दुसऱ्या कोनी सांगितलं नसतं." मी तो चहा प्यायलो.

बाईंनी काय लिहिलं होतं, ते आता लिहितो. 'ट्रम्पेट वाजवणाऱ्यांना माझा नमस्कार सांगा. माझ्या लग्नात असाच बाजा होता, आणि त्यानंतर मी नाचले नव्हते. काल स्वयंपाकघरात नाचले. पोरांनो, इतके दिवस तुम्ही हुशारी दाखवत होतात. आता मोकळे झालात. थांबू नका.' दर दिवाळीच्या आसपास त्याखाली त्यांचं एक वाक्य येतं — पुढचं कधी? ते फक्त मी वाचतो. उत्तर देत नाही.

परवा देगलूरला माझ्या पुतण्याचं लग्न होतं. भर दुपारी परण्या निघाला, म्हणजे नवरदेवाला वाजतगाजत मारुतीला नेतात तो. पुढे डीजेची गाडी, मागे आम्ही फेटे बांधलेले. नईमही आला होता, माझ्या आग्रहाखातर. बाजारपेठेच्या वळणावर डीजेवाल्याने गाणं बदललं, आणि तो ठोका सुरू झाला. तोच. त्या माणसाला कुठून मिळालं, कुणाचं आहे हे माहीत तरी होतं का, देव जाणे. मग टाळ्या आल्या, मग अब्बांचा ट्रम्पेट. मराठी, तेलुगू, कानडी, सगळ्या भाषांचे वऱ्हाडी नाचत होते. बायका रांग सोडून पुढे आल्या. नवरदेव घोड्यावरून खांदे उडवत होता. धुरळा नुसता.

मी नईमकडे पाहिलं. आता कळेल त्याला — असं वाटलं, आणि मी घाबरलो. पण त्याला लोक दिसतच नव्हते. त्याचा चेहरा शरमेने उतरला होता. गर्दीतून वाट काढत तो गाडीपाशी गेला, मी मागोमाग. त्याने डीजेवाल्याच्या गुडघ्याला हात लावला.

"भाऊ, हे बदल," तो म्हणाला. "लोकांना आवडत न्हाई हे."

डीजेवाल्याने एकदा नाचणाऱ्यांकडे पाहिलं, एकदा नईमकडे. मोठा माणूस सांगतोय म्हणून त्याने बदललं. ट्रम्पेट मध्येच तुटला. मी नईमच्या शेजारीच उभा होतो. फेटा सरळ केला आणि वरातीबरोबर पुढे चालू लागलो.