बारशाची जागा

"आधी पत्रिका बघू," म्हणत लग्नांचे व्हिडिओ काढणारे काका कोरी डिस्क खिडकीकडे तिरकी धरायचे आणि मधल्या भोकाजवळची बारीक छपाई वाचायचे. डीव्हीडी हे नाव सगळ्यांवर सारखंच. पण खाली 'आर'च्या आधी प्लस आहे की मायनस, ते महत्त्वाचं. कंपन्यांच्या दोन गटांनी भांडून या दोन जाती काढल्या, आणि राजवाड्यामागच्या त्यांच्या दुकानातला रेकॉर्डर फक्त मायनसवाला. कुणी प्लसवाली आणली की हळहळत परत द्यायचे. "भिया, स्थळ अच्छा आहे, पण नाही जुळत."

आरडब्ल्यूची डिस्क पुसून पुन्हा भरता येते. तिच्यावर लग्न भरायला त्यांची साफ ना असे. पुसता येतं ते लग्न कसलं, असं त्यांचं म्हणणं.

आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरातली बरीच मराठी लग्नं त्यांनीच टिपली. खोड एकच. भरून झालेली डिस्क शेवटी कायमची बंद करावी लागते, तरच ती दुसऱ्या प्लेअरवर चालते. काका ती बंदच करत नसत, पुढच्या बारशासाठी जागा ठेवत. मग आपलंच लग्न बघायला त्यांच्या दुकानात जायचं. तुम्हीही पाहिली असतील तिथली जोडपी, दुपारच्या पिवळट अंधारात आपलेच तरुण चेहरे बघत बसलेली.

आमच्या डिस्कमध्ये बाबा हसतात. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. ते गेल्यावर आम्ही दोघं नवराबायको वरचेवर दुकानात जाऊ लागलो. बारसं आमच्याकडे झालंच नाही. काकांनी ते कधी विचारलं नाही, याचं मला फार बरं वाटायचं.

गेल्या वर्षी रेकॉर्डर अडखळू लागला. तो बंद पडला असता तर बाबा आतच राहिले असते. काकांनी सगळ्यांच्या डिस्क मागवून बंद करायला घेतल्या. आमची हातात घेऊन मात्र थांबले.

"जागा उरली आहे. बंद केली की मग काहीच भरता नाही येणार. करू?"

"करा, काका," बायको म्हणाली. तिच्याकडे बघायचं मला धैर्य झालं नाही.

त्यांनी फळीवरचा कॅमेरा उतरवला. "रुको जरा. तुम्ही दोघं चहा प्या. रिकामी कशाला ठेवायची?"

उन्हाळ्यात काका गेले. डिस्क आता घरच्या प्लेअरवर चालते. मंगलाष्टकं, बाबांचं हसणं, आणि मग एकदम आम्ही: केस पिकलेले, हातात कप. काका कुठेच दिसत नाहीत. शेवटी फक्त कॅमेऱ्यामागून हळूच म्हणतात, "बसा अजून थोडं."

पडदा निळा होतो. आम्ही बसून राहतो.